सुई उतरते

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, लाँड्रीच्या पलीकडे,
विटांची एक खोली. तिला खिडकी नाही.
आत निळ्या खांद्यांच्या सिलिंडरांच्या दोन रांगा,
शाळेत प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या.
बावीस वर्षं मी या संडरलंडात माणसं झोपवते आहे,
आणि इथे एकदाही आले नव्हते.
भिंतीतून वायू येतो, एवढंच ठाऊक,
लहानपणी दूध पिशवीतून येतं, तसं.

हिशोबाच्या वहीनं आणलं इथवर.
वर्षात विकत घेतलेला: नऊ लाख लिटर.
आम्ही पेशंटना दिलेला: एकतीस हजार.
दोनदा मांडलं. मग कॅल्क्युलेटर बदलून.
आमच्याकडे विचारतात, पाणी कुठं मुरतंय,
पण हा मुरतही नाही. जातो.

रंग नाही. वास असून नसल्यासारखा, किंचित गोडसर.
लोक त्याला हसवणारा वायू म्हणतात.
वर गेला की शंभर वर्षं हलत नाही,
आणि ऊब धरून बसतो
कार्बनच्या पावणेतीनशेपट,
कुणी मागितलेली नसताना.

नॉर्मन हेथरिंग्टन, पाइपफिटर, निवृत्तीला चार महिने.
तरुणपणी वेअर नदीवरच्या गोदीत जहाजांच्या नळ्या जोडायचा,
गोदी बंद पडली तेव्हा इकडे आला.
म्हणाला, 'डॉक्टर, एक रात्र पुरवठा तोडू या.
कुणी श्वास घेतला नाही आणि तरी सुई उतरली,
तर समजायचं.'

शनिवारी रात्री दहाला त्यानं झडप फिरवली.
मी भुलीचाच चार्ट घेतला, सवयीनं,
नावाच्या रकान्यात लिहिलं: नळी. वय: एकेचाळीस.
दर पंधरा मिनिटांनी दाब.
चार पूर्णांक एक. तीन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक आठ.
वर थिएटरं अंधारात. तातडीचं एक अपेंडिक्स आलं,
ते ट्रॉलीवरच्या छोट्या सिलिंडरवर निभावलं.
भिंतीतल्या नळीवर एकही माणूस झोपलेला नाही
आणि सुई उतरतेच आहे,
जशी एखाद्याची नाडी उतरत जाते, रक्त कुठे दिसत नाही,
आणि आपण पोट चाचपत राहतो.

नॉर्मननं थर्मासमधला चहा ओतला. साखर फार.
सांगलीत उजाडलं असेल म्हणून आईला फोन लावला.
'एवढ्या रात्री जागी? गॅसचं रेग्युलेटर बंद केलंस ना?'
झोपण्याआधी ती तीनदा बघायची,
शेवटच्या वेळी नाक जवळ नेऊन.
म्हटलं, तेच करतेय.

पहाटे सव्वाचारला सुई शून्याला टेकली.
दोघंही काही बोललो नाही.
मृत्यूची वेळ मी लिहूनही टाकली, हात आपोआप गेला,
मग खोडली.

मीटिंगमध्ये डॉक्टर पेंबर्टन म्हणाले, एका इस्पितळानं काय होतंय.
मी फार काही सुनावलं नाही. मलाही रात्री तेच वाटतं.
कळा सोसताना बाळंतीण जो वायू ओढते
त्याला मात्र हात लावायचा नाही,
तिच्या श्वासाचा हिशोब मांडायचा नाही,
एवढं इतिवृत्तात लिहून घेतलं.
बाकी भिंतीतलं सगळं बंद. छोटी सिलिंडरं, हाताशी,
वापरून झाली की लगेच कान पिळायचा.

मिरजेला माझी बॅचमेट आहे, हेमांगी गोसावी.
तिला मोठ्या ऐटीत कळवलं.
उलट व्हॉइस नोट आली, आधी नुसतं हसणं,
मग, 'अगं, आमच्याकडे तो पाइप भिंतीत कधी आलाच नाही!
दोनदा पैसे मंजूर झाले होते.
आम्ही अजून ट्रॉलीच ढकलतो.'
ते हसणं मी गाडीत बसून पुन्हा ऐकलं.

नॉर्मननं जाताना तांब्याच्या नळीचा वीतभर तुकडा
कापून, कडा घासून, हातात दिला.
एका टोकावर बोट दाबून मी फुंकून बघितलं.
गालांना रग लागेपर्यंत.
कुठून जात होता, काही कळलं नाही.